नाव गाण्यापूर्वी: रेडिओ केंद्राच्या जिंगलची मागणी आणि घडण

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा रस्ता हे धाराशिव जिल्ह्यातील येडशी येथे एकमेकांना छेदतात, आणि १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे लातूरपर्यंत वाढली तेव्हा तिचे अरुंद रूळही याच गावावरून गेले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली, आणि त्या शहरांच्या यादीत बार्शी, लातूर व उस्मानाबाद (म्हणजेच धाराशिव) या तिन्ही गावांची नावे आहेत. या वाहिन्या प्रत्यक्षात सुरू झाल्या, तर येडशीच्या चौफुल्यावरून जाणाऱ्या वाहनात एका केंद्राचा आवाज विरत असताना दुसऱ्याचा उमटू लागेल, आणि कोणते केंद्र लागले आहे हे श्रोत्याला चार-पाच सेकंदांत कळवण्याचे काम जिंगलला करावे लागेल. आजवर आकाशवाणीच्या आवाजाची सवय असलेल्या या टापूत ती गरज फारशी भासली नव्हती. म्हणूनच जिंगल कशी मागवावी आणि कशी घडवावी याचा विचार येथे आधीच होणे अगत्याचे आहे.

जिंगल हा शब्द मराठीत बहुतेकदा जाहिरातीच्या गाण्यासाठी वापरला जातो. रेडिओ केंद्राची जिंगल ही मात्र केंद्राचे स्वतःचे नाव, आणि बहुधा त्याची कंप्रतासंख्या, चालीत बांधून वारंवार वाजवली जाणारी लहान ध्वनिमुद्रा होय. तिची शब्दांविना असलेली वडीलधारी बहीण म्हणजे आकाशवाणीची संकेतधून. ही धून रचण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. नाझींच्या काळात मध्य युरोप सोडून मुंबईत आलेल्या या ज्यू संगीतकाराने १९३७ पासून मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. शिवरंजनीची छाया असलेल्या आणि तंबोऱ्याच्या आधारावर व्हायोलिनने खेळवलेल्या त्या धुनेत केंद्राचे नाव कोठेच येत नाही, तरीही पहाटेची सभा सुरू होत असल्याचे घराघराला त्या स्वरांवरून कळत असे. नावाविना ओळख पटवणारी रचना ही या कलेची सर्वांत अवघड पायरी आहे, आणि ती भारतात प्रारंभीच गाठली गेली होती, ही गोष्ट अभिमानाने नोंदवण्यासारखी आहे.

गायल्या जाणाऱ्या नावाचा धंदा मात्र अमेरिकेत उभा राहिला. टेक्सासमधील डॅलस येथे बिल मीक्स यांनी १९५१ मध्ये पॅम्स ही संस्था काढली आणि एकच वाद्यवृंद-ट्रॅक, म्हणजे गायनाविना मुद्रित केलेली साथ, अनेक गावांतील केंद्रांना विकण्याची पद्धत रूढ केली. केंद्राने नमुन्याची फीत ऐकून हवे ते तुकडे निवडायचे, आपल्या नावाचा कागद पाठवायचा, आणि गायकवृंदाने त्याच साथीवर दर वेळी नवे नाव गायचे, असा हा व्यवहार होता. अशा एकेका तुकड्याला ‘कट’ आणि त्यांच्या संचाला ‘पॅकेज’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसी रेडिओ वन सुरू झाले तेव्हा त्याच्या जिंगलही डॅलसहूनच आल्या होत्या. पॅम्समध्ये काम केलेले जॉन वोल्फर्ट यांनी १९७४ मध्ये त्याच शहरात जॅम ही संस्था स्थापन केली, आणि तिने हा व्यवसाय पुढे चालवला.

रेडिओ वन सुरू झाले त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, विविध भारतीच्या मुंबई-पुणे-नागपूर सेवेवर जाहिराती सुरू झाल्या, आणि मुंबईच्या स्टुडिओंत जिंगल बांधणाऱ्या संगीतकारांची एक मोठी पिढी तयार झाली. वनराज भाटिया यांनी आणि ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या चालीत वाटा असलेले अशोक पत्की यांनी हजारोंच्या संख्येने जाहिरात-जिंगल केल्या. इतका अनुभव गाठीशी असूनही केंद्राच्या नावाची जिंगल हा प्रकार येथे खासगी एफएम आल्यानंतरच रुजला, कारण एकाच प्रसारकाच्या काळात त्याला स्पर्धेचे निमित्त नव्हते. आज मोठ्या साखळ्यांची केंद्रे बहुधा मुख्यालयातून आलेली एकच चाल गावोगावी वाजवतात, आणि गावाचे नाव त्या चालीत बसते की नाही याचा विचार शेवटी केला जातो. हा क्रम उलटा आहे.

जिंगलची मागणी नोंदवताना पहिला कागद असतो तो गरजेचा: किती तुकडे, प्रत्येकाची लांबी किती, आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी वाजणार. तासाच्या आरंभी वाजणारा तुकडा लांब चालतो. दोन गाण्यांमध्ये टाकायचा तुकडा तीन-चार सेकंदांहून मोठा झाला तर निवेदकालाच नकोसा होतो. हे गणित तालात मोजणे सोपे जाते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केहेरव्याचे आठ मात्रांचे एक आवर्तन चार सेकंदांत, तर दादऱ्याचे सहा मात्रांचे तीन सेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे संगीतकाराला सेकंद सांगितले की त्याच्या हाती तालाचे मोजके पर्यायच उरतात.

त्यानंतर नावाचा प्रश्न येतो, आणि खरी कारागिरी येथेच लागते. समजा, येडशीत उद्या सामुदायिक रेडिओ केंद्र उभे राहिले. संस्था, महाविद्यालये आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना असे कमी शक्तीचे, साधारण १० ते १५ किलोमीटर परिसरापुरते केंद्र चालवता येते, आणि २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याला तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात. ‘येडशी’ हे नाव लिहिताना तीन अक्षरांचे दिसते, पण उच्चारताना ‘ड’ हलन्त होऊन ‘येड्-शी’ अशी दोन गुरू अक्षरे कानी पडतात. ज्याने कागदावरून तिन्ही अक्षरांना स्वर दिले, त्याची जिंगल गावकऱ्यांना परक्याने हाक मारल्यासारखी वाटेल. शेवटचा ‘ई’ हा स्वर लांबवता येतो, पण वरच्या पट्टीत तो चिमटल्यासारखा बारीक होतो, म्हणून नाव मध्य सप्तकात ठेवणे हिताचे. ‘धाराशिव’ची अडचण वेगळी आहे: शेवटचा ‘व’ ताणता येत नाही, त्यामुळे चालीचा ठहराव ‘रा’वर घेऊन ‘शिव’ झटक्यात सोडावा लागतो, आणि तसा तो सोडला तर नावाला एक प्रकारचा ठसका येतो. ‘लातूर’मध्ये सारा भार ‘तू’वर पडतो. एकाच मुख्यालयाची एकच चाल या तिन्ही नावांना नीट बसणे शक्य नाही.

कंप्रतासंख्येचे दुखणे याहून मोठे. भारतातील एफएम पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ इतका असल्याने मराठीत एक्क्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव असे जोडाक्षरांनी भरलेले आकडे गाण्याची वेळ येते, आणि त्यापुढे ‘पूर्णांक’ जोडला की तीन सेकंदांचा तुकडा भरून जातो. इंग्रजी आकडे गाण्याची रीत पडली ती या अडचणीतून. तिला दोष देण्यापेक्षा आकडा निवेदकाने बोलावा आणि नाव गायकांनी गावे, अशी वाटणी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

वाद्यांच्या बाबतीत या जिल्ह्याची श्रीमंती मोठी आहे. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ज्या संबळावर उभा राहतो, त्याच्या जोडीतील एक नग उंच, टणत्कारी बोलाचा, तर दुसरा खर्जाचा असतो. बहुसंख्य श्रोते आज मोबाइलच्या किंवा वाहनाच्या लहान स्पीकरवर रेडिओ ऐकतात. अशा स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही, पण काठीचा उंच आघात इंजिनाच्या घरघरीतूनही वर येतो. संबळ किंवा हलगी निवडणे हा म्हणूनच भावनेइतकाच ध्वनिशास्त्राचाही निर्णय आहे. मात्र त्या वाद्यांचे वादक प्रत्यक्ष बोलवावेत. संगणकातील तयार नमुन्यांत संबळाचे खेचलेले, घासलेले बोल मिळत नाहीत, आणि ज्यांच्या घरी गोंधळ होतो त्यांचा कान ती उणीव चटकन पकडतो.

प्रत्यक्ष मुद्रणात संगीतकार प्रथम कामचलाऊ शब्दांवर चाल बांधून ‘स्क्रॅच’, म्हणजे कच्चा नमुना, केंद्राला ऐकवतो. तो मंजूर झाल्यावर साथीचा ट्रॅक तयार होतो, आणि मग गायक हेडफोनमधून ती साथ ऐकत नाव गातात. याला स्टुडिओच्या बोलीत डबिंग म्हणतात. चार गायकांना तीच ओळ दोनतीनदा गायला लावून ते सारे आवाज एकावर एक रचले की लहानशा कोरसाला भरघोसपणा येतो, परंतु ‘येड्-शी’मधला ‘श’ सर्वांनी नेमक्या एकाच क्षणी उच्चारला नाही तर त्याची फरफट स्पष्ट ऐकू येते. अनुभवी कोरसात यावर एक उपाय करतात: एकाच गायकाने ऊष्म व्यंजन ठळक उच्चारायचे आणि इतरांनी ते जवळजवळ गिळून स्वरावर यायचे. मिश्रण झाल्यावर ते मोठ्या स्पीकरवर तपासले जातेच. पण मंजुरी द्यायची ती मोबाइलवर, आणि शक्य तर धावत्या गाडीत ऐकून.

काम स्वीकारताना केंद्राने पूर्ण मिश्रण, निव्वळ साथ, निव्वळ गायन आणि शेवटच्या दोन सेकंदांचा सुटा तुकडा अशा चार आवृत्त्या वेगवेगळ्या मागून घ्याव्यात, कारण निवेदकाला साथीवर बोलायचे असते आणि सणावाराला त्याच चालीवर नवे शब्द बसवायचे असतात. कराराकडे लहान केंद्रे सर्रास दुर्लक्ष करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच मानले जाते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा अधिक सुरक्षित केला. तेव्हा जिंगल किती वर्षे वाजणार, इंटरनेटवरून प्रसारण होणार का, चाल तीच ठेवून शब्द बदलण्याची मुभा आहे का, आणि संबळवादकासह प्रत्येक कलावंताला किती रक्कम कधी मिळणार, हे सारे मुद्रणाच्या दिवसाआधी कागदावर आणून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.