साठ ठिपक्यांची वाडी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. आमचे मामू तेव्हा दोह्यात नोकरीला. विमाने बंद, गावचा फोन लागेना. पुढे धाकटे मामू सांगत, "अर्धी वाडी गेली." पण यांना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे कोपर्निकसच्या संकेतस्थळावर खाते उघडले की फुकट मिळतात. मामूंनी एप्रिल २०२० आणि एप्रिल २०२१ ची चित्रे उतरवली. महिना एकच घेतला हे बरे केले. पावसाळ्यानंतर रान-गवतही हिरवे दिसते, त्यात पडलेली वाडी झाकून जाते.

पण फाइल उघडताच त्यांचा जुना लॅपटॉप गोठला. दोष लॅपटॉपचा नव्हता. एका चित्रात सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद भूभाग असतो, म्हणजे १०,९८० गुणिले १०,९८० ठिपके. जेपीईजी-२००० पद्धतीने ते दाबून बसवलेले असतात. सगळे एकदम उलगडले तर नुसत्या रंगांनाच ३६ कोटी बाइट लागतात, आणि फोटो बघायचे साधे प्रोग्रॅम नेमके तेच करू पाहतात.

याच पद्धतीत एक सोय आहे. चित्र लहान-मोठ्या पायऱ्यांनी साठवलेले असते, त्यामुळे हवी ती पायरी आणि हवा तेवढाच तुकडा उलगडता येतो. क्यूजीआयएस हा मोफत प्रोग्रॅम तसेच करतो. झिप सोडवल्यावर आतल्या फोल्डरांत 'टीसीआय' नावाची फाइल शोधावी. आधी 'आर६०एम' फोल्डरातली उघडून पाहावी, ती जेमतेम १,८३० ठिपक्यांची असते. मग 'आर१०एम' मधली. आपल्या गावावर झूम करून लेयरवर उजवी क्लिक, एक्स्पोर्ट, सेव्ह ॲज. एक्स्टेंटमध्ये पडद्यावर दिसतो तेवढाच भाग निवडावा आणि जिओटिफ म्हणून ठेवावा. ही छोटी फाइल मग चार जीबी रॅमवरही सुरळीत सरकते. (मूळ झिप मात्र पुसू नका. मामूंनी पुसली आणि रात्रभर पुन्हा डाउनलोड करत बसले!)

दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून मामू वरचा लेयर चालू-बंद करत राहिले. एक ठिपका म्हणजे दहा मीटरचा चौकोन. दीड एकराची वाडी साठेक ठिपक्यांत संपते. समुद्राकडची गर्द पट्टी दुसऱ्या चित्रात फिकट झालेली दिसत होती. किती माड उरले, ते मात्र त्यातून कळणार नव्हते. त्यासाठी त्यांनी धाकट्या मामूंना फोन लावला आणि एकेक झाड मोजायला सांगितले.