मुधोळकर खटला आणि आपल्या मुलांचं माध्यम

सुरतेतल्या मराठी घरांत मुलांच्या माध्यमाचा विषय निघाला, की आम्ही १९६२ सालच्या एका निकालाची आठवण करून देतो. अहमदाबादच्या एका विद्यार्थ्याने १९६० मध्ये मराठीतून एस.एस.सी. केली, कॉलेजचं पहिलं वर्ष इंग्रजीतून. दुसऱ्या वर्षी त्याला सांगण्यात आलं, आता गुजराती किंवा हिंदीच. वडील, कृष्ण रंगनाथ मुधोळकर, उच्च न्यायालयात गेले. विद्यापीठ आणि राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेले. निकाल पाच विरुद्ध एक, मुधोळकरांच्या बाजूने. आणि तो लिहिला अहमदाबादच्याच न्या. जे. सी. शहांनी!

कारण, विद्यापीठाच्या कायद्यात एकच माध्यम लादण्याचा अधिकार दिलेला नव्हता. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन समजतं: सँक्शनची पॉवर नसेल तर मॅनेजरची सही फुकट. शिवाय उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय घटनेने केंद्राकडे दिला आहे.

केंद्र आणि राज्यांचे अधिकार असे लेखी वाटण्याचा पायंडा अमेरिकेने १७८७ मध्ये पाडला. तिथे उरलेले अधिकार राज्यांकडे, आपल्याकडे केंद्राकडे. भाषेचा हक्क मात्र तिथे घटनेत लिहिलेला नाही. १९२३ मध्ये नेब्रास्कातल्या जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दाच्या आधारे सोडवलं.

आपल्याकडे कलम २९ आणि ३० स्पष्ट आहेत. १९५६ मध्ये आलेलं ३५०-अ मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं, पण फक्त प्राथमिकची. पुढची शाळा गुजरातेतले भाषिक अल्पसंख्याक म्हणून कलम ३० खाली आपल्याला काढता येते. सरकारने ती काढून द्यावी, असं त्यात नाही.