बिनतारी पोच

श्रीगजानन महाराजांच्या दर्शनास शेगावी गेलेला यात्रेकरू पूर्वी घरी खुशालीचे कार्ड टाकी. ते हाती पडेपर्यंत वडीलधाऱ्यांस चैन पडत नसे. हौशी बिनतारीवाल्यांची रीतही अशीच. संभाषण आटोपले, की ते परस्परांस ‘क्यूएसएल’ कार्ड, म्हणजे पोच, धाडतात. त्यावर केंद्राचे संकेतनाम, तारीख, ग्रिनिच वेळ व ध्वनी कितपत स्पष्ट आला, हे नोंदलेले असते. ‘व्हीयू’ ही आद्याक्षरे भारताची. १९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने येथील हौशी परवाने रद्द केले. त्यामुळे तत्पूर्वीची कार्डे दुर्मिळ. आजोबांच्या पेटीत असे एखादे निघाल्यास, वाचकहो, ते रद्दीत घालू नये. तिकिटाच्या मोहाने कोपराही कापू नये. टपालाचा शिक्का गेला, की नोंदीचा साक्षीदारच गेला, असे आम्ही समजतो.