आजारपणाच्या आधीचा कागद

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका लागतो. कारखान्यांना ही हद्द जाणवत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागून टेल्को आणि बजाज आल्या, आणि पुढे वाहन उद्योग नदीपलीकडे चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीपर्यंत पसरला. त्याच्यामागे माणसे आली. आधी सातारा, सोलापूर, मराठवाड्यातली आणि नंतर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडातलीही. शहराची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10 लाख होती, ती 2011 मध्ये 17 लाखांवर गेली. मोशीत खोली घेऊन निघोज्यात कामाला जाणारा कामगार रात्री महापालिकेचा रहिवासी असतो, दिवसा जिल्हा परिषदेच्या हद्दीत राबतो आणि पगारपत्रकावर ठेकेदाराचा असतो. आजारी पडल्यावर आपण कोणाचे, हे मात्र त्याचे त्यालाच शोधावे लागते. या पट्ट्यात त्याच्यासाठी दवाखाने आहेत आणि हक्कही आहेत. दोन्हींना जोडणारा कागद त्याच्या हाती वेळेवर पडत नाही, हे खरे दुखणे आहे. तो कागद मिळायची योग्य वेळ म्हणजे कामाचा पहिला दिवस.

काय उपलब्ध आहे ते आधी पाहू. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय 750 खाटांचे आहे. भोसरी, थेरगाव आणि आकुर्डी येथेही महापालिकेची रुग्णालये आहेत. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अशा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. अडचण मोठ्या खर्चाच्या आजारात येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत वाढवून ते राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. पण त्यासाठी महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. त्यामुळे एकाच मशीनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी लातूरच्या कामगाराला ती योजना मिळते, बिहारच्या कामगाराला मिळत नाही. बिहारच्या कामगाराचे नाव आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर त्याचे कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालते. मात्र ते कार्ड बहुधा गावी काढायचे राहून गेलेले असते.

दोघांनाही सारखा लागू होणारा, राज्याची सीमा न मानणारा हक्क एकच आहे, तो म्हणजे राज्य कामगार विमा, अर्थात ईएसआय. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात महिना 21 हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू आहे. कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के घालतो. 15 हजारांच्या पगारावर हे दरमहा 600 रुपये होतात, त्यातले साडेचारशेहून अधिक मालकाचे. बदल्यात कामगार आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. कामावर इजा झाली, तर किती दिवस वर्गणी भरली याचा हिशेब न करता, काम बंद असेपर्यंत वेतनाच्या 90 टक्के भत्ता मिळतो. कामगार ठेकेदाराचा असला, तरी वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर ठेवली आहे. कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. प्रत्यक्षात काय होते, ते ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहन उद्योगातील अपघातांवर काढत असलेल्या अहवालांतून दिसते. हरियाणाच्या पट्ट्यात पॉवर प्रेसमध्ये बोटे गमावलेल्या कामगारांत परप्रांतीय मोठ्या संख्येने होते, आणि अनेकांच्या हाती विम्याचे कार्ड पडले ते अपघात झाल्यानंतर. त्याच प्रकारचे सुटे भाग चाकणच्या छोट्या शेडमध्येही प्रेसवरच बनतात. वर्गणी कापली जाते, पण आपला आयपी नंबर, म्हणजे विमाधारक क्रमांक, काय आणि मोहननगरचे ईएसआय रुग्णालय कुठे, हे ठाऊक नसेल तर तो विमा कामगाराच्या दृष्टीने नुसती कपात ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सरकारी दवाखाना असूनही कामगारच तिकडे जात नाहीत. हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्याचे कारण त्यांच्या हजेरीत सापडते. सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे म्हणजे खाडा पडतो आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणून ताप अंगावर काढला जातो, किंवा मेडिकलमधून गोळ्या घेतल्या जातात. दुसरा आक्षेप शहरवासीयांचा: बाहेरच्यांचा भार आमच्या करांवर का? ईएसआयचा पैसा कामगाराच्या आणि मालकाच्या वर्गणीतून येतो, करांतून नव्हे. शिवाय पिंपरी-चिंचवड महापालिकेची तिजोरी वर्षानुवर्षे ज्या जकातीवर भरली, ती याच कारखान्यांतून येत होती. आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत असतील, तर एकाचा क्षयरोग कोणाचे रेशनकार्ड पाहून थांबत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही माणसे चार-सहा महिन्यांत ठेका बदलतात किंवा गावी जातात, मग त्यांची नोंद ठेवून उपयोग काय? उपयोग आहे, कारण ईएसआयचा नंबर नोकरीगणिक बदलत नाही, तो आयुष्यभर एकच राहतो, आणि कुटुंब दुसऱ्या राज्यात असले तरी त्याला तिथे उपचार घेता येतात. क्षयरोग कार्यक्रमाने हे करूनही दाखवले आहे: ‘निक्षय’ पोर्टलवर नोंदलेला रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात गेला, तर त्याची नोंद तिकडे पाठवता येते आणि औषधे मोफत चालू राहतात. माणूस जितका फिरता, तितकी त्याच्यासोबत फिरणारी नोंद जास्त गरजेची.

म्हणून मदतीची जागा रुग्णालयाच्या दारातून कारखान्याच्या गेटवर आणली पाहिजे. गेटपास देतानाच आयपी नंबरचा कागद कामगाराच्या हाती द्यावा, त्याच्या भाषेत जवळच्या दवाखान्याचा पत्ता, वेळ आणि रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक लिहून द्यावा, आणि हे झाले की नाही ते मूळ कंपनीने ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी तपासावे. महापालिका आणि जिल्हा परिषदेने मोशी, कुरुळी, म्हाळुंग्यासारख्या खोल्यांच्या वस्त्यांत संध्याकाळची ओपीडी चालवावी आणि हिंदी जाणणाऱ्या आशा कार्यकर्त्या नेमाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही. ठेकेदाराचे बिल अडले, की नंबर पहिल्याच दिवशी मिळू लागतील.