गॅमा किरण व विरजणाचे जंतु

गेल्या वैशाखांत दुधाचा धंदा करणाऱ्या एका मंडळीचे दोन सभासद आमचेकडे आले. लासलगांव येथें कांद्यावर किरण सोडून तो टिकविण्याचें केंद्र सन २००२ पासून आहे, हें त्यांस ठाऊक होतें. तेच किरण दह्यावर सोडले तर उन्हाळ्यांतहि तें आंबट न होतां महिनाभर राहील काय, आणि त्याकरितां सभासदांकडून भांडवल गोळा करावें काय, असा त्यांचा प्रश्न होता. शेतकऱ्याचा पैसा गुंतण्यापूर्वीं या विषयाचा नीट विचार व्हावा, म्हणून हा लेख.

दहीं लागणें हें जंतूंचें काम होय. दुधांतील साखरेचें ते आम्ल करितात व त्या आम्लानें दूध घट्ट होतें. योगर्ट नांवाच्या दह्यांत मण्यांच्या माळेसारखा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस व काडीसारखा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस असे दोन जंतु मुख्य असतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें अशा दह्याच्या एका ग्रॅमांत निदान एक कोटि जंतु असावे लागतात.

गॅमा किरण सन १९०० मध्यें पॉल व्हिलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञास आढळले. हल्लीं या कामीं ते बहुधा कोबाल्ट ६० पासून मिळवितात. किरण पदार्थांतून आरपार जातात, परंतु त्यांच्यामुळें पदार्थ स्वतः किरणोत्सर्गी होत नाहीं. ती भीति व्यर्थ आहे. एक किलो पदार्थानें एक ज्यूल शक्ति शोषिली म्हणजे मात्रा एक ग्रे झाली. हजार ग्रेचा एक किलोग्रे.

जंतूच्या पोटांत त्याच्या वंशाचें सूत्र असतें, त्यास डी.एन.ए. म्हणतात. किरण तें सूत्र कांहीं अंशीं स्वतः तोडतात, आणि कांहीं अंशीं पाण्याचे कण फोडून त्यांच्या तीव्र तुकड्यांकरवीं तोडवितात. म्हणून प्राणवायु असेल तर हानि अधिक होते. पदार्थ गोठलेला किंवा कोरडा असेल तर कमी होते.

सर्व जंतु एकदम मरत नाहींत. समजा, अर्ध्या किलोग्रेनें दहांतील नऊ मरतात. तर एक कोटींपैकीं एका किलोग्रेनंतर एक लक्ष व दोहोंनंतर एक हजार उरतील. आम्हीं जमाबंदीच्या वह्यांत पुष्कळ वेळां बाकी शून्य लिहिली. परंतु या हिशोबांत बाकी घटत जाते, शून्य सहजासहजीं होत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्याचें सूत्र तुटलें तो जंतु तत्काळ निकामी होत नाहीं. खच्ची केलेला बैल नांगर ओढतो, पण वंश वाढवीत नाहीं. तसाच हा जंतु प्रजा वाढवूं शकत नाहीं, तरी त्याच्या अंगचीं पाचक द्रव्यें कांहीं काळ काम करीत राहतात. म्हणजे किरण सोडल्याबरोबर आम्ल होणें थांबेलच असें नाहीं. उलट, अशा दह्याचें विरजण लावावें तर ताज्या दुधांत जंतु वाढणार नाहींत व दूध तसेंच पडून नासेल.

शिवाय सर्व जंतूंचा कणखरपणा सारखा नाहीं. मैल्यांतून येणारे ई. कोलाय यांसारखे जंतु थोड्या मात्रेंत मरतात. लॅक्टोबॅसिलसच्या कित्येक जाति त्यांहून चिवट आहेत; लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम तर अंगांत मँगॅनीज सांठवून त्या तीव्र तुकड्यांपासून आपला बचाव करितो. परंतु बीजकोश करणारे जंतु याहूनहि फार चिवट असतात. म्हणजे मध्यम मात्रेंत दह्याचा मित्र मरावा आणि नासविणारा शत्रु उरावा, असा प्रकार होऊं शकतो. मात्रा फार वाढवावी तर दुधांतील स्निग्धांश व प्रथिनें बिघडून चव व वास उतरतो.

कांद्याचें उदाहरण येथें लागू पडत नाहीं. कांद्यास शंभर ग्रेच्या आंतच मात्रा पुरते, कारण तेथें केवळ कोंब थांबवावयाचा असतो. दह्यांत ज्यांस थांबवावयाचें, तेच त्याचें सत्त्व होय.

मात्र या विद्येचा दुग्धपदार्थांस मुळींच उपयोग नाहीं असें नव्हे. रोगप्रतिकारशक्ति खालावलेल्या रोग्यांकरितां पदार्थ खूप गोठवून मग किरणांनीं निर्जंतुक करण्याचे प्रयोग झाले आहेत. सन २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत किरणांनीं मारलेल्या अशा जंतूंनीं उंदरांच्या आंतड्याचा दाह कमी झाला. मेलेला जंतु औषधास उपयोगी पडूं शकेल, परंतु विरजणास नाहीं.

त्या दोघां सभासदांस आम्हीं सांगितलें कीं, भांडवल गोळा करावयाचेंच तर भांडीं उकळत्या पाण्यानें धुण्याची सोय, दूध लवकर थंड करण्याचें यंत्र आणि दहीं लागतांच तें चार अंशांवर ठेवण्याची शीतपेटी, यांवर खर्च करा. थंडीनें जंतु मरत नाहीं, स्वस्थ बसतो; आणि दुसऱ्या दिवशीं विरजणास लागेल तेव्हां पुन्हां कामास लागतो.