विद्यार्थ्यांचा कॅमेरा आणि भोंवतालची जीवसृष्टि

तिकिटें, नाणीं व शंखशिंपले जमविण्याचा छंद आपल्यांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं केला असेल. त्याच्या जोडीस आतां एक नवा छंद येऊन बसला आहे. खिशांतील मोबाईलमध्यें कॅमेरा आल्यापासून शाळा-कॉलेजांतील मुलें-मुली पांखरें, फुलपांखरें, सरडे व रानफुलें यांचीं छायाचित्रें घेऊं लागलीं आहेत. हा छंद केवळ करमणुकीचा नाहीं. त्यांत ज्ञान आहे आणि जबाबदारीही आहे, असें आम्हांस वाटतें.

या कलेचा आरंभच मुळीं संयमांत झालेला आहे. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी केअर्टन या बंधूंनीं १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढलें. त्यांतील चित्रें प्रत्यक्ष निसर्गांत घेतलेल्या छायाचित्रांचीं होतीं. पक्षी बिचकूं नयेत म्हणून १९०० सालीं त्यांनीं कातड्याचा एक पोकळ बैल तयार करविला, आणि त्याच्या पोटांत शिरून ते कॅमेऱ्यासह निमूटपणें वाट पाहूं लागले.

आरंभ करण्यास अरण्य नको. परसांतील किंवा गॅलरींतील कढीलिंबाकडे पाहावें. लिंबावरील फुलपांखरूं त्याच्या कोंवळ्या पानावर अंडें घालतें. त्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व त्यामुळें शत्रूच्या दृष्टीतून सुटते. मोठी झाली म्हणजे ती पानासारखी हिरवी होते आणि पुढें कोश करते. रोज ठराविक वेळीं एक याप्रमाणें चित्रें घेतल्यास सुमारें महिन्याभरांत एका जीवाचें सबंध चरित्र हातीं येतें. मात्र गृहिणीनें फोडणीसाठीं नेमकी तीच डहाळी तोडूं नये, एवढी कृपा हवी!

ज्याला आपण साधा समजून पाहातही नाहीं, तोच जीव कधीं अपूर्व ठरतो. सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावरील एक सरडा निराळ्या जातीचा असल्याचें शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं जाहीर केलें, आणि ज्या नव्या गणांत तो घातला, त्यास ‘सरडा’ हेंच मराठी नांव दिलें. विणीच्या दिवसांत यांतील नर गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा फुलवितो. पण नुसता पंखा टिपून भागत नाहीं. तारीख, वेळ, स्थळ आणि भोंवतालचें गवत, खडक वा झाड यांची नोंद सोबत असेल, तरच तें चित्र उद्यांच्या अभ्यासकास उपयोगी पडतें.

संयम सुटला म्हणजे मात्र हाच छंद घातक होतो. टिटवी उघड्या माळावर खड्यांमध्यें बहुधा चार अंडीं घालते. त्यांचा रंग मातीशीं मिळून जातो, हेंच त्यांचें संरक्षण. उन्हाळ्याच्या दुपारीं तीं तापूं नयेत म्हणून नरमादी त्यांवर सावली धरतात. पाण्यांत पोट भिजवून येऊन अंडीं गार ठेवतात. अशा वेळीं चार विद्यार्थी उत्तम चित्राच्या लोभानें अर्धा तास जवळ बसून राहिले, तर टिटवी डोक्यावर ओरडत फिरते आणि खालीं अंडीं उन्हांत भाजून निघतात. चित्र सुरेख येतें. पिलें मात्र जन्मास येत नाहींत. त्यांतून स्थळाचा पत्ता इंटरनेटवर गेला, तर दुसऱ्या दिवशीं आणखी दहाजण तेथें हजर होतात.

म्हणून केअर्टन बंधूंची तयारी व त्यांचा धीर अंगीं येईपर्यंत विद्यार्थ्यांनीं घरट्याच्या वाटेस जाऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आड येणारी फांदी छाटूं नये, बिळांत काडी घालूं नये, पक्ष्याचा मुद्रित आवाज वाजवून त्यास फसवूं नये. प्राणी ओरडूं लागला किंवा खातांखातां थबकला, कीं आपण फार जवळ आलों असें समजून मागें सरावें.

यांत वडील मंडळींचेंही कर्तव्य आहे. मूल चित्र दाखवावयास आलें म्हणजे ‘किती छान!’ एवढेंच म्हणून थांबूं नये. ‘तूं तेथून निघालास तेव्हां तो जीव काय करीत होता?’ असें अवश्य विचारावें. ‘आपल्या उद्योगांत होता’ असें उत्तर मिळालें, तर तें चित्र खुशाल भिंतीवर लावावें.