घराभोवतीचं विज्ञान : लाकूड राखाडी का होतं?

कुंपणाची रंग न दिलेली फळी दोन-चार पावसाळ्यांत राखाडी होते. आपण म्हणतो, लाकूड गेलं. बहुतेकदा ते आतून ठणठणीत असतं.

लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. विटा आणि चुन्यासारखी ही जोडी. लिग्निन उन्हातले अतिनील किरण शोषतं आणि त्यातच त्याचे तुकडे पडतात. पाऊस ते धुऊन नेतो, सोबत लाकडाचा तपकिरी रंगही. मागे उरतात फिकट तंतू. त्यांवर ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीचे बारीक काळे ठिपके पडले, की झाली राखाडी. हे किरण आत फार शिरत नाहीत, म्हणून पाइनसारखं लाकूड शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटरच झिजतं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सी रँचमध्ये, चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये जी घरं उभारली, त्यांच्या रेडवुडच्या फळ्यांना मुद्दाम रंग दिला नाही. आज त्या भिंती शेजारच्या खडकांत मिसळून जातात. वाऱ्यामुळे तिथे छपरांना वळचणही ठेवली नाही. हे रंगाच्याही पथ्यावर पडलं! वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथलं लाकूड तपकिरीच राहतं आणि भिंतीवर पट्टे दिसतात.

कोकणात मात्र ही नक्कल नको. महिनोन्‌महिने ओलं राहिलेलं लाकूड नुसतं राखाडी होत नाही, कुजतं. तिथे लांब वळचणच हवी, पट्टे दिसले तरी चालतील.